पावण्याचा श्रावण

कसालच्या बाजारात, हमरस्त्याच्या कडेला, गौरजाची खानावळ आहे. आमच्या दशावतारी कंपनीचा टेम्पो खेळ आटोपून परत निघाला की सकाळच्या पेजेला तिच्या दारात थांबायचा. रंग अर्धवट पुसलेले राजे, राक्षस आणि देव तिच्या बाकांवर ओळीने बसायचे. मी स्त्रीपार्टी. कधी कंटाळून लुगड्यातच उतरलो, तर गौरजा पहिलं ताट माझ्यापुढे ठेवायची आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "राणीसायब, आधी तुमी." सगळी कंपनी हसायची, ती हसायची नाही.

आता माझा गाण्याचा आवाज गेला आणि कंपनीही मोडली. मी बाजारामागे एका खोलीत राहतो आणि दोन्ही वेळा तिच्याकडेच जेवतो. वाढण्याआधी ती माणसाकडे एकदा बघते. त्याला किती लागेल ते तिला कळतं, आणि ती त्याहून थोडं जास्त वाढते. बांगडा कालचा असेल तर "कालचो आसा" असं सांगून वाढते. गिऱ्हाईक उठून गेलं तरी चालेल.

तिचा नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा गुरुप्रसाद याच चुलीजवळ वाढला, हॉटेलचं काम शिकला, पुण्याला लागला आणि तिथून आयर्लंडला गेला. जाण्याआधी तो एक काचेची पेटी घेऊन घरी आला. पेटीत अजगराचं पिल्लू होतं, परदेशी जातीचं. तपकिरी अंगावर पिवळसर डाग, आणि घाबरलं की डोकं आत घेऊन चेंडूसारखं गोल व्हायचं. त्याने ते हौसेने, रीतसर कागदपत्रं करून पाळलं होतं. दोन वर्षं काढतो, परत येतो आणि कुडाळात हॉटेल घालतो, तोवर याला सांभाळ, असं तो आईला म्हणाला.

गौरजाने पिल्लाचं नाव ठेवलं पावणो. पाहुणा.

पूर्वी पुण्याहून गुरुप्रसादचा फोन सणावारी यायचा. आता दर रविवारी यायला लागला. पहिला प्रश्न ठरलेला, पावणो कसो आसा. त्याचं उत्तर मिळालं की तो आईचे गुडघे विचारी, पाऊस विचारी, मीही बाकावर असलो तर माझी चौकशी करी. रविवारी गौरजा फोन जवळ घेऊनच भात वाढायची. हा फोन कोणामुळे येतो हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं, पण आम्ही ते कधी बोललो नाही.

पाव्हण्याच्या खाण्यासाठी मागच्या पडवीत पांढऱ्या उंदरांचा पिंजरा होता. त्यात लालचुटुक पिल्लांपासून मोठ्या बाप्या, म्हणजे नर उंदरापर्यंत सगळ्या मापाचे उंदीर असायचे. गुरुप्रसादने आईला एकच नियम शिकवला होता. सापाचं अंग जिथे सगळ्यात जाड असेल, उंदीर तेवढाच द्यायचा, त्याहून जाड नाही. ती उंदीर शेपटीला धरून काचेजवळ न्यायची, एकदा सापाकडे आणि एकदा उंदराकडे बघायची, आणि नको वाटला तर परत ठेवून दुसरा काढायची. तिचा अंदाज कधी चुकला नाही. सगळ्यांना जास्त वाढणारी ही बाई याला मात्र मोजून जेवू घालायची.

मग श्रावण आला. तिच्या घरात श्रावणभर मासळी नाही आणि चुलीवर अंडंसुद्धा चढत नाही. मागोमाग चतुर्थी आली, घरात पाच दिवसांचा गणपती. पाव्हण्यालाही तिने श्रावण पाळायला लावला. देव घरात असताना पडवीत जीव मारायचा नाही, हे तिने फोनवर मुलाला सांगून टाकलं. तो हसला. "आये, तेका कसलो श्रावण?" पण मग म्हणाला, चालेल, ही जात उपास काढू शकते. "फक्त सोडशीत तेव्हा नेहमीपेक्षा बारको उंदीर दी. पोट आखडलेला असतला."

चतुर्थीला तो येणार होता. आमच्याकडे चाकरमानी जगाच्या कुठल्याही टोकाला असो, चतुर्थीला घर गाठतो. त्याला रजा मिळाली नाही. गौरजाने मोदक केले, पातोळ्या केल्या आणि शेजारीपाजारी वाटून टाकल्या.

गणपती गेले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडचा बाजार बघावा. महिनाभर तोंड आवरलेली माणसं मासळीवर अशी तुटून पडतात की पापलेट दिसायच्या आधीच संपतं. खानावळीत उभं राहायला जागा नव्हती. मी मागच्या दाराशी बसलो होतो. गौरजा हात पुसत पडवीत गेली आणि पिंजऱ्यातला बाप्या उंदीर घेऊन आली. महिन्याभरात तो चांगलाच माजला होता.

"केवढो गो ह्यो?" मी म्हणालो.

"महिनोभर उपाशी आसा, काकानू. माझ्या घरात पावण्यान अर्ध्या पोटान उठूचा नाय."

पाव्हण्याने उंदीर धरला. गिळायला त्याला फार वेळ लागला. शेपूट आत जाईपर्यंत गौरजा तिथेच उकिडवी बसून होती. बाहेर लोक ताटं वाजवत होते, पण ती हलली नाही. एवढी तृप्त मी तिला त्या सबंध चतुर्थीत पाहिली नव्हती.

पुढे व्हायचं ते झालं. पेटीतून वास सुटला. पाव्हण्याने सगळं बाहेर टाकलं होतं आणि तो भिंतीला लागून पडला होता, गोलही होत नव्हता. गुरांचे डॉक्टर आले आणि दारातूनच म्हणाले, मला गाईम्हशींचं कळतं, याचं नाही. गौरजाने स्वतःहून मुलाला फोन लावला. केवढा दिलास, असं त्याने विचारलं. "मोठो," ती म्हणाली, "बापयो."

मग त्याने काय करायचं ते सांगितलं. खाणं अजिबात द्यायचं नाही, पाणी ठेवायचं, ऊब ठेवायची.

त्यानंतर तो रोज फोन करू लागला, कधी दिवसातून दोनदा. पेटी दाखव म्हणायचा. पेटी दाखवताना चूल दिसायची, मग आज काय केलंस, बाबली मासे घेऊन येतो का अजून, सोलकढीला तिकडे आमसुलं मिळत नाहीत, अशा गप्पा निघायच्या. तो गेल्यापासून मायलेकरं इतकी बोलली नव्हती. फोन ठेवल्यावर गौरजा मला सांगायची, "आज खूप येळ बोललो." आणि मग पेटीकडे बघायची. पाव्हण्याच्या पाठीचा कणा कातड्यातून वर दिसायला लागला होता.

एका सकाळी पावणो मेलेला सापडला.

मी आयुष्यभर रंगमंचावर खोटं बोलून पोट भरलेला माणूस. मी तिला अख्खा प्रवेश रचून दिला. म्हटलं, सांग की सुधारतोय. मग सांग, पाणी प्यायला. मग एक बारीक पिल्लू खाल्लं म्हण. पोरगा येईपर्यंत असं रेटायचं. पेटी दाखव म्हणाला, तर पेटीचा दिवा गेला म्हणायचं. मी तिचा आवाज काढून वाक्यंही म्हणून दाखवली. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काकानू," ती म्हणाली, "कोण काय जेवलो, ह्या मी कधी खोटा सांगूक नाय. आता सांगलंय, तर माझो झील माझ्या हातचा परत कसो जेवतलो?"

तिने त्याच दुपारी मुलाला खरं ते सांगितलं. मी समोरच होतो. फोनमधून त्याचा आवाज मऊ येत होता. "जाऊं दे गो आये. तुझी चूक नाय. जनावराचा काय सांगूचा." तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला मागाहून आईची समजूत काढायला पुन्हा फोन करावा लागतो.

परसात माडाखाली आम्ही पाव्हण्याला पुरलं. पिंजऱ्यातले उंदीर तसेच राहिले. सोडून दिले तर लोकांच्या भातात जातील, आणि मारायला तिचा हात धजत नाही. ती त्यांना उरलेला भात घालते. खाणारं कोणी नाही, त्यामुळे ते वाढतच चाललेत.

त्या रविवारी गुरुप्रसादचा फोन आला. पहिला प्रश्नच उरला नव्हता; गुडघे आणि पाऊस दोन मिनिटांत आटोपले. पुढच्या रविवारी त्याची कामाची पाळी बदलली होती, फोन आला नाही. मग दिवाळीला फोनवर पणतीचं चित्र आलं. कुडाळातल्या हॉटेलचं नाव तो आता काढत नाही, आणि तीही विचारत नाही.

एका रविवारी माझं अंग मोडून आलं होतं. जेवायला उशीर होईल हे कळवायला मी खोलीवरून तिला फोन लावला. पुरती रिंगही झाली नव्हती. नाव बघायलाही ती थांबली नव्हती.

"बोल रे झिला," ती म्हणाली.

मी आवाजांवर जगलेला माणूस आहे. तसा आवाज मला एकदाही काढता आला नव्हता.

"मी आसंय गो," मी म्हणालो. पलीकडे भांड्यांचा आवाज येत राहिला. मग ती तिच्या रोजच्या आवाजात म्हणाली, "या काकानू. जेवाण झाकून ठेवतंय."

त्यानंतर रविवारी मी तिला फोन करत नाही. कसंही करून चालत जातो.