अख्खा गुपचूप

कुणी भेटलं की हमखास विचारतं, "दिवसभर लोकांचं रक्त काढून कंटाळा नाही येत?" कंटाळा कसला! भंडारा जिल्ह्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याशी वैर घेतलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात. आमच्या गाडीवरच्या धुळीसारखे. आज पुसले, उद्या पुन्हा तेवढेच.

आम्ही चौघं. दातांच्या डॉक्टर मॅडम, लॅब टेक्निशियन मी, ड्रायव्हर मोरेश्वरभाऊ आणि लोकांना समजावणाऱ्या शोभाबाई. शोभाबाईंचा अर्धा जबडा कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये गेला. उरलेल्या अर्ध्यावर त्या अख्ख्या गावाला ऐकू जाईल एवढं बोलतात! तोंडाच्या कॅन्सरच्या खुणा रक्तात लवकर सापडतात का, याचा अभ्यास चालू आहे, त्यासाठी आम्ही गावोगाव रक्ताचे नमुने घेतो. रक्ताची ही तपासणी अजून पक्की झालेली नाही, म्हणून सोबत तोंडही बघतो. भांडणं होतात ती तोंड उघडा म्हटल्यावर.

*

आंधळगावात पहिल्याच आजोबांनी बाही खाली ओढली. "रोग तोंडात, अन् सुई हाताले कायले?"

मॅडमनी प्रोटीन, जीन्स असं सुरू केलं. आजोबांनी जांभई दिली, तीही अर्धीच. तोंड त्याहून जास्त उघडतच नव्हतं.

शोभाबाई पुढे झाल्या. "बुवा, तलाव नासला तर पाटाच्या पाण्याले वास येते का नाही?"

"येते ना."

"मंग? आमी पाट पाहून राहिलो!"

आजोबांनी बाही वर केली आणि मलाच बजावलं, "पाट जपून फोडजो बाई, बांध वाहून जाईन!"

*

तुलनेसाठी तंबाखू न खाणाऱ्यांचंही रक्त लागतं. असा पुरुष आमच्याकडे शोधणं म्हणजे दिव्यच. एका गावात मी विचारलं, "खर्रा कोण कोण खात नाही?" तर सगळे हात वर! एक जण तर प्लास्टिकवर खर्रा घोटता घोटता हात वर करून मोकळा झाला.

"अन् हे काय घोटून राहिला?"

"माया नाही ताई, भावासाठी घोटून राहिलो!"

भाऊ शेजारीच बसला होता. त्याचाही हात वर.

*

नमुने बर्फाच्या पेटीत ठेवावे लागतात. गोसीखुर्दकडून येताना एकदा बर्फ वितळला. मोरेश्वरभाऊंनी गाडी थेट मासे विकणाऱ्या बाईंसमोर उभी केली. बाईंनी आमच्या पेटीकडे बघून विचारलं, "रोहू का?"

"रक्त हाय जी. लोकायचं."

बाई स्वतःच्या माशांवरचा बर्फ उचलून आमच्या पेटीत टाकू लागल्या. मी नको नको म्हणत होते, तर माझ्यावरच खेकसल्या, "मी मासोळी नासू देत नाही, माणसाचं रक्त कायले नासू देईन?"

*

खर्ऱ्यानं गाल आतून कडक होतात आणि तोंड उघडणं कमी होतं. ते तपासायला मॅडम म्हणायच्या, तीन बोटं उभी तोंडात घाला. लोकांना ते अपमानाचं वाटायचं. मग मी शिबिरात गुपचूपवाला, म्हणजे पाणीपुरीवाला, बसवला! अख्खा गुपचूप तोंडात गेला तर शाब्बास, नाही गेला तर मॅडमच्या रांगेत. जत्राच लोटली.

बाजूला मोरेश्वरभाऊ उभे होते. गुपचूप फोडायचे आणि तुकडा तुकडा खायचे.

"भाऊ, अख्खा खा ना!"

"मले फोडूनच आवडते."

माझं हसू जागीच विझलं. सगळ्या गावांची तोंडं बघितली आम्ही, आणि जो माणूस रोज आम्हाला तिथे नेत होता त्याचंच तोंड कुणी बघितलं नव्हतं. मॅडमनी टॉर्च मारला. गालात पांढरा चट्टा. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला आजच भंडाऱ्याला जायचं, असं त्यांनी सांगितलं.

भाऊ उसळले. "पोरीचं लगन ठरलं हाय! सोयऱ्याईले समजलं तर मोडून टाकतीन. मी येत नाही, जा!"

भाऊ गाडीकडे वळायच्या आत शोभाबाई उठल्या, गाडीची किल्ली काढली आणि कमरेला खोचली.

"बाई, किल्ली दे."

"तू तोंड दे!"

ऊन कलेपर्यंत दोघंही हलले नाहीत. शेवटी भाऊच उठले. गाडी मॅडमनी चालवली. कारध्याचा पूल ओलांडेपर्यंत भाऊ मागच्या सीटवरून त्यांचे गिअर सुधारत होते.

कॅन्सर नव्हता, पण उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. चट्टा काढला आणि खर्रा सुटला. रिपोर्ट आला त्या दिवशी मी पोटभर रडले, सांगायला लाज कसली!

*

मग आलं भाऊंच्या पोरीचं लग्न. आमच्याकडे वरातीपुढे खर्ऱ्याचं ताट फिरवायची रीत. इथे ताटात नुसती बडीशेप. नवऱ्या मुलाचे वडील तापले, "हे काय इवाई? बारातीले खर्रा नाही?"

"माया मांडवात खर्रा फिरणार नाही जी."

"मंग मी बस वापस नेतो!"

भाऊंनी मुंडावळ्या बांधलेल्या पोरीकडे पाहिलं. तिनं मान ताठ ठेवून बापाला खुणावलं, ठाम राहा.

"खर्रा फिरणार नाही," भाऊ पुन्हा म्हणाले.

कुणीतरी शहाणपणानं व्याह्यांना थंड करायला गुपचूपच्या ठेल्याकडे नेलं. त्यांनी गुपचूप हातात घेतला. बोटानं फोडला. एक तुकडा तोंडात टाकला, मग दुसरा.

भाऊंचा आवाज एकदम मऊ झाला. "इवाईबुवा, अख्खा खा ना."

"मले फोडूनच आवडते."

भाऊंनी शोभाबाईंकडे पाहिलं. शोभाबाईंनी पदर खोचला आणि सरळ वरातीच्या बसच्या ड्रायव्हरपुढे जाऊन हात पसरला.

"बापू, किल्ली दे."