अंजिराच्या झाडाची मोजणी

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी घरांत कुणाची मुलगी काय करते हे एका दमात सांगून होतं: सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर, डॉक्टर, सॉफ्टवेअर. अनिकापाशी आलं की गाडी अडायची. "ती जमिनी मोजते," तिचे बाबा सांगायचे आणि समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे तलाठी?" लायसन्स मिळून सहा वर्षं झाली, बुटांना लाल माती लागली नाही असा तिचा एक दिवस जात नव्हता, तरी लोकांचं हे कोडं सुटलं नव्हतं. अनिकाला त्याचं काही वाटत नसे. आपल्याला काय येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सुमित्राकाकूंचा फोन आला तशी ती दुसऱ्याच दिवशी हजर झाली.

काकूंचं घर गल्लीच्या टोकाला, रस्ता गोल होऊन संपतो तिथे. त्यामुळे त्यांच्या जागेची पुढची हद्द सरळ नाही, वर्तुळाचा तुकडा आहे. शेजारच्या अनिशला कुंपण घालायचं होतं. पोरगा सरळमार्गी. त्याने नकाशा मिळवला, काकूंची पुढची बाजू साठ फूट लिहिलेली पाहिली, त्यांच्या पलीकडच्या कोपऱ्यातल्या खुंटीपासून फुटपाथच्या कडेने टेप धरून साठ फूट मोजले आणि निशाण रोवलं. काकूंचं अंजिराचं झाड जवळजवळ तीन फूट त्याच्या हद्दीत गेलं. शनिवारी माणसं येऊन ते तोडणार होती.

झाड काकूंच्या यजमानांनी, राजारामकाकांनी लावलेलं. माणूस सासवडचा, अंजिराशिवाय अंगण त्याला अंगण वाटेना. "दीड फूट आपल्या हद्दीत आहे, मोजून लावलंय," असं ते येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"काका अंदाजाने सांगत असतील, काकू," असं अनिश बोलून गेला होता. झाडापेक्षा तेच काकूंना जास्त लागलं होतं.

"आपल्या बाजूने मोज हं," काकू अनिकाला म्हणाल्या.

"नाही काकू, मी कुणाच्याच साइडने मोजत नाही. झाड त्याचं निघालं तर तसंच सांगणार."

काकूंचा चेहरा पडला. अनिकालाही वाईट वाटलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

तिने अनिशला बोलावलं, गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि ती हसली. साठच्या शेजारी बारीक अक्षरात 'कॉर्ड' लिहिलं होतं. कॉर्ड म्हणजे जीवा, वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी सरळ रेघ.

"अनिश, हे साठ फूट स्ट्रेट आहेत, कोपरा ते कोपरा. तू कर्व्हवरून मोजलंस."

"इंचभर फरक पडेल, यार."

"बघू."

जीवेचे अर्धे तीस, वर्तुळाची त्रिज्या पन्नास. तीस भागिले पन्नास, शून्य दशांश सहा. ज्या कोनाचा साइन तेवढा, त्याची दुप्पट: केंद्रापाशी जवळजवळ पावणेचौऱ्याहत्तर अंश. अनिशच्या निशाणापर्यंत भरत होते पावणेएकोणसत्तर. पाच अंश कमी, म्हणजे कडेवर सव्वाचार फुटांहून जास्त.

रस्त्याच्या मधोमध, गोलाच्या केंद्रावर, जुन्या मोजणीचा खिळा होता. त्यावर अनिकाने यंत्र उभं केलं, पलीकडच्या खुंटीवर नेम धरला, कोन फिरवला आणि गवतात बोट दाखवलं. "दुसरी खुंटी इथे."

खणायला सुरुवात केली. वीतभर खाली गेली तरी काही नाही. अनिश भलतीकडे पाहू लागला. काकूंच्या ओठांवर देवाचं नाव आलं.

"काकू, तुम्ही दरवर्षी इथे नवी माती घालता ना?"

"हो गं."

"मग अजून खाली आहे." आणखी चार बोटं खणल्यावर फावडं खणकन वाजलं. गंजलेली लोखंडी खुंटी, अगदी कोनाने सांगितलं होतं तिथेच.

तिथून तिने हद्दीची दोरी ताणली आणि दोरीपासून खोडापर्यंत टेप लावला. झाड काकूंच्या बाजूला होतं. अनिशने आपलं निशाण आपणच उपटलं. "सॉरी काकू. काकांनाही सॉरी."

"किती भरलं?" काकूंनी विचारलं.

"सोळा इंच."

"म्हणजे दीड फुटाला दोन इंच कमीच," काकू म्हणाल्या. "ह्यांचं नेहमीचंच. थोडं वाढवून सांगायचं." आणि त्या हसल्या, मग खोडाला हात लावून मोकळेपणी रडल्या.