भोकरला गेलेला बस्ता

लाल खारव्याचं कापड कुठं दिसलं, की ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमारास मी पोलिसात लागले. पती शिपाई होते. ते वारले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. शिक्षण चौथी. पुढे माझी बदली नांदेडला झाली. ही हकिगत तिथल्या एका दुष्काळी उन्हाळ्यातली. ठाण्यात येणाऱ्या तक्रारी बहुतेक पाण्याच्याच असत. टँकरवर मारामारी, नळाची तोटी पळवली, रांगेतली घागर फोडली.

अशात एका दुपारी विद्यापीठाचे एक अधिकारी आणि त्यांच्याबरोबर दप्तरी आले. दप्तरी म्हणजे जुने कागद सांभाळणारा माणूस.

"काय चोरीला गेलं?" जमादारांनी विचारलं.

"बस्ता," दप्तरी म्हणाले.

"कुणाच्या लग्नाचा?"

सगळे हसले. आमच्याकडे लग्नाच्या कपड्यांच्या गाठोड्याला बस्ता म्हणतात. दप्तरी हसले नाहीत. कापडात बांधून ठेवलेल्या कागदांच्या गाठोड्यालाही जुन्या कचेऱ्यांत बस्ताच म्हणत, असं त्यांनी सांगितलं. विद्यापीठाच्या इतिहासाचं संग्रहालय लवकरच उघडणार होतं. विद्यापीठ व्हावं म्हणून निघालेल्या मोर्चांचे फोटो, जमिनी दिलेल्या लोकांनी सांगितलेल्या आठवणी, असं सगळं त्या बस्त्यात होतं. लोकांनी घरच्या भिंतीवरून काढून विश्वासानं दिलेले फोटो होते. दुसरी प्रत कुणाकडे नव्हती.

अधिकारी म्हणाले, "उद्घाटनाआधी सापडला नाही तर यांना निलंबित करावं लागेल."

दप्तऱ्यांची निवृत्ती जवळ आली होती. ते जमिनीकडे बघत उभे होते.

ठाण्याच्या साहेबांनी तक्रारी अर्ज चौकशीवर ठेवला आणि आम्ही खोली पाहिली. कुलूप शाबूत होतं. खिडकीचे गज शाबूत होते. किल्ली एकच आणि ती दप्तऱ्यांच्या करगोट्याला. मग विद्यापीठाच्या फाटकाजवळच्या चहावाल्याकडून खबर मिळाली. दप्तऱ्यांना बगलेत गाठोडं घेऊन ऑटोत बसताना त्यानं पाहिलं होतं.

साहेबांनी त्यांना समोर बसवलं. आवाज चढवला नाही. "रद्दीत विकलं का? कुणी मागितलं होतं? कागद जाळले का?" दप्तरी प्रत्येक प्रश्नाला मान हलवत राहिले. खोटं बोलणारा माणूस सहसा आमच्याकडे बघून बोलतो. हे भिंतीकडे बघत होते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो हातात घेतला आणि त्यांना रडू आलं.

"पाण्यानंच घात केला, बाई."

मग सगळं बाहेर आलं. बस्त्याचं जुनं कापड वाळवीनं खाल्लं होतं. नव्या कापडाची मागणी मंजूर होत नव्हती. म्हणून स्वतःच्या खर्चानं खारवा घ्यायला आणि मापानं बांधून घ्यायला ते बस्ता घेऊन बाजारातल्या कापड दुकानात गेले. गुमास्ता बांधत होता, तेवढ्यात शेजारच्या गल्लीत टँकर आल्याची ओरड झाली. दप्तऱ्यांचं घर त्याच गल्लीत. ते घागरी धरायला पळाले. परत आले तर बस्ता नव्हता. कागद इमारतीबाहेर न्यायची मनाई होती, म्हणून चोरी झाली असं सांगितलं.

"चोर न्हाई मी, साहेब. खोटं मात्र बोललो."

आम्ही दुकानात गेलो. मालक कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले, बाजारात सगळे त्यांना अप्पा म्हणत.

"माझ्या दुकानातून बस्ते जातच असतात," अप्पा म्हणाले. "मी काय काय ध्यानात ठेवू?"

मी विचारलं, "अप्पा, औंदा तर लग्नं पुढं ढकलून राहिले लोक. मग वरच्या फळीवरचे ते दोन लाल बस्ते कुणाचे?"

"एक उमरीचा. एक भोकरचा." अप्पा थांबले. "आवं बाई, भोकरचा तर कवाच गेला की!"

मग अप्पा गुमास्त्यावर ओरडले, "अरे, तू टेम्पोत घातलंस तरी काय रे?"

दप्तऱ्यांना जीपमध्ये घेऊन आम्ही भोकरच्या अलीकडच्या एका गावात पोचलो. नवरीच्या आईनं देवासमोर बोट दाखवलं. लाल बस्ता पाटावर होता. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं. गाठ तशीच.

"विहीर आटली, लगीन दिवाळीपल्याड गेलं," ती म्हणाली. "पाव्हण्यांच्या बाया आल्याबगर बस्ता सोडत न्हाईत."

साहेब म्हणाले, "मावशी, आम्हाला बघावंच लागेल."

"मग गल्लीतल्या सवाष्णी बोलावते. तवर ह्या बाई..." तिनं माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि बोलायची थांबली. मी मागे सरले.

बायका जमल्या. गाठ सुटली. वरच मोर्चाचा फोटो निघाला.

"अगं बया, ही कुणाची वरात?"

"नवरदेव कुठं हाय ह्यात? सगळे म्हातारेच!"

दप्तरी उंबऱ्याशी खाली बसले होते. तिथूनच म्हणाले, "माय, ही वरात विद्यापीठाची हाय. आपल्या पोरांना शिकायला औरंगाबाद गाठावं लागू नये, म्हणून निघालेली."

नवरीची आई फोटो घेऊन आत वळली. "इकडं ये गं. तुझ्या बस्त्यात बघ काय निघालंय."

एकही कागद कमी नव्हता. बायकांनी बस्ता पुन्हा बांधला. देवापुढचा बस्ता रिकामा धाडायचा नाही, म्हणून वर खोबऱ्याची वाटी ठेवली. त्या घरात पाण्याचे हंडे पालथे होते.

साहेबांनी अर्ज निकाली काढला. खोटं सांगितल्याबद्दल विद्यापीठानं दप्तऱ्यांना लेखी ताकीद दिली, पण निलंबन झालं नाही. उद्घाटनाला ते कोपऱ्यात उभे होते. निवृत्त झाले ते त्याच खुर्चीवरून.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. माणूस काही लपवतोय हे ओळखणं सोपं असतं. तो चोरीच लपवतोय, असं आम्ही फार लवकर धरून चालतो. लाजही तशीच दिसते.

माझ्या निवृत्तीनंतर मी एकदा ते संग्रहालय पाहायला गेले. फोटो भिंतीवर लागले आहेत. खाली टेबलावर रिकामा खारवा घडी करून ठेवला आहे. कुंकवाचा डाग कुणी धुतलेला नाही. मी वाकून बघत होते. देखरेखीवरची मुलगी जवळ आली.

"बाई, हात लावू नका."

"नाही लावत," मी म्हणाले. "तेव्हाही लावला नव्हता."