सिमेटातली लक्ष्मी

बायांनो, सकाळचा धसका अजून गेला नाई. बागेत पायाले चिखल लागते म्हणून सून अन् मी जुन्या परातीत सिमेट-रेती ओतून वाटेत पाय ठेवाले दगड पाडून राह्यलो होतो. मी पाणी आणून पाहते त, सुनेनं नातीले वल्ल्या सिमेटात उभी केली, अन् हाती मोबाईल!

"आई, लक्ष्मीची पावलं!"

"काढ तिले आंधी वं, सिमेट कातडी खाते!"

नळाखाली पाय धरले. पोरीचे तळवे लालभडक! दुपारी पोरगी नाचाले लागली, तवा आम्ही जेवलो.

आता सून म्हणते, "आई, हा पावलं उमटलेला दगड वाटेत नको, लक्ष्मीवर पाय पडन."

पाय ठेवाले केलेला दगड, अन् पाय ठेवाचीच मनाई! सांगा, मी याले डोक्यावर ठेवू का?