गुडघेदुखीच्या बायका आणि पन्ह्याचं पातेलं

कुठल्या तोंडाने सांगू कळत नाही, पण सांगतेच. चहा ओता आधी, माझा कप पूर्ण भरा. पूर्वी मी अर्धाच घ्यायचे. हा किस्सा त्याच्याच मुळाशी आहे.

वर्षभर माझी एक भानगड चालली होती. शिंकले की थेंब, हसले की थेंब, खोकल्याचं तर विचारूच नका. वय एकसष्ट, राजाजीनगरात भांड्यांचं जुनं दुकान, चार लोकांत मान, आणि पिशवीत कायम एक जास्तीचा परकर. लेक येलहंक्याला, तिचा मुलगा आठ महिन्यांचा. तासाभराचा रस्ता, मध्ये कुठे सोय नाही, म्हणून मी जायचंच टाळत होते. "आई, तुला नातू नकोसा झालाय का?" असं ती एकदा म्हणाली, तेव्हा फोन ठेवून मी रडले.

पण हे कुणाला सांगणार? घरात थोरल्या जाऊबाई. त्यांना सांगितलं की संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार. त्या स्वतः गुडघा दुखतो म्हणून सहा महिने घराबाहेर पडल्या नव्हत्या, म्हणजे ऐकायला आणि खिडकीतून सांगायला वेळच वेळ.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी व्यायाम करून बघा. पलीकडच्या रस्त्यावर फिजिओथेरपीचा दवाखाना आहे ना, तिथे वरच्या मजल्यावर दर बुधवारी तीनला अशाच बायका जमतात. मोकळेपणी बोलतात. जा तुम्ही."

घरी देवळात जाते म्हणून सांगितलं आणि गेले. जिना चढून आत बघते तर दहा बायका खुर्च्यांवर, आणि सगळ्यांत पुढे सरोजाक्का! शेजारच्या गल्लीतली, जाऊबाईंची जिवलग मैत्रीण, रोज सकाळी पार्कात पाच फेऱ्या मारणारी. एवढी ठणठणीत बाई आपल्यासारख्यांत कशी असेल? म्हणजे मीच खोली चुकले. हा नक्की गुडघेदुखीचा वर्ग.

"शालिनी, तू इथं?"

तोंडाला आलं ते बोलले. "तुम्हालाच शोधत आले, अक्का. शुक्रवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे."

अक्का माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. बोलावणं करायला निघालेली बाई, आणि हातात कुंकवाची कोयरी नाही? "आणि ह्या सगळ्यांना?"

"त्यांनाही," म्हणाले आणि जिना उतरले.

"सरी, येतो आम्ही," वरून कानडी होकार आला.

घरी जाऊबाई चक्रावल्या. "अगं, यंदा हळदीकुंकू नको असं ठरलं होतं ना आपलं?" मी म्हटलं, गुडघेदुखीच्या बायका आहेत, तुम्हाला काही उपाय सांगतील. झालं, शुक्रवारी गौर झोपाळ्यात बसली, आंब्याची डाळ झाली, पातेलंभर पन्हं झालं.

दहाच्या दहा आल्या. डाळ खाऊन "कोसंबरी छान झालीय" म्हणाल्या, पन्हं दोन-दोन पेले प्यायल्या. मी जाऊबाईंना पुढे बसवलं. "ह्यांच्या गुडघ्यासाठी काहीतरी सांगा ना."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "गुडघ्याचं आम्हाला काय कळणार हो?" मला वाटलं, विनय असेल. दुसरीला विचारलं. तिनेही हात वर केले. मग ह्या दर बुधवारी जमून करतात तरी काय?

तेवढ्यात अक्का म्हणाली, "तुम्ही दोघी घोटभरही घेत नाही?"

"उपास आहे," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"उपासाला पन्हं चालतं की." अक्काने पेला खाली ठेवला. "शालिनी, कोयरी न घेता कुणी बोलावणं करतं का गं? मला तेव्हाच कळलं. आम्हीही पहिल्यांदा असंच पाणी तोडलं होतं, मग डॉक्टरांनी खरडपट्टी काढली. आमचा वर्ग लघवी न थांबणाऱ्यांचा आहे. मी दोन वर्षं जाते."

"तुम्ही? अहो, तुम्ही तर पार्कात पाच फेऱ्या मारता!"

"पार्कातच का मारते, विचारलंस कधी? तिथे संडास आहे, प्रत्येक फेरीला जावं लागतं म्हणून."

सगळ्या पोट धरून हसल्या. एकही जागची हलली नाही. उठून पळालो फक्त दोघी, मी आणि सहा महिने गुडघा न हलवलेल्या जाऊबाई. त्या माझ्यापुढे होत्या.

बाथरूमच्या दारात एकमेकींवर आदळलो.

"तू पण?" जाऊबाई म्हणाल्या.

"आणि तुमचा गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?"

मला परत हसू फुटलं. त्यात त्या मोठ्या, म्हणून मान देऊन त्यांना आधी आत जाऊ दिलं. तिथेच घात झाला.

बाहेरून अक्का ओरडून सांगत होती, "हसू आलं की आधी आतून आवळून धरायचं. बुधवारी पहिल्या पाच मिनिटांत तेच शिकवलं. स्वल्प थांबायचं होतंस!"

दहा जणींची ओटी मी दुसरी साडी नेसून भरली.

आता बुधवारी आम्ही दोघी जातो. चार महिने झाले, पुष्कळ फरक आहे. गेल्या रविवारी तर येलहंक्याला जाऊन आलो, वाटेत एकदाही रिक्षा न थांबवता. नातवाला मांडीवर घेतलं, उराशी धरलं, डोळे भरून आले. उठले तर साडीवर हा एवढा ओला डाग.

जाऊबाईंनी बघितलं आणि पिशवीतून गुपचूप परकर काढून माझ्या हातात ठेवला.

आता मी किती शपथा घेऊ, की तो नातू होता?