हजर नसलेल्यांची पातळी

हेडमास्तर दत्तराव फोन ठेवून तिसरीच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा विमलाबाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"बाई, उद्या पडताळणी हाय. परभणीहून मॅडम यायल्यात. यादी त्यांच्याकडंच हाय."

"कोणती यादी?"

"आपलीच. नोव्हेंबरची."

एकोणतीस वर्षं सोनपेठच्या आसपासच्या गावांत बाईंनी शिकवलं. पहिल्या नेमणुकीच्या गावाला एसटी जात नव्हती. चपला हातात घेऊन काळ्या चिखलातून चालत जायच्या. वर्गात विडी ओढत शिरलेल्या सरपंचाला त्यांनी बाहेर काढलं होतं. माणसाला त्या कधी भ्यायल्या नाहीत. भ्यायल्या त्या मोबाईलच्या ॲपला.

झालं होतं असं. दिवाळीच्या आधीच तिसरीतली सहा पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. नोव्हेंबरात ॲपवर प्रत्येकाची वाचनाची पातळी भरायची होती: अक्षर, शब्द, वाक्य की उतारा. रिकामी ओळ ते घेईना. शेवटचा दिवस, मागे दत्तराव. "टाका काहीतरी, बाई! तालुक्यात आपलीच शाळा मागं दिसायलीय." बाईंनी सहाही नावांपुढे 'उतारा' टाकलं. पोरं तेव्हा फडात होती. आता एप्रिलात परतली होती, आणि निम्मी अक्षरंही विसरली होती.

"त्या सहा जणांना उद्या सुट्टी सांगा," दत्तराव हळूच म्हणाले. "खोट्या नोंदीपायी पलीकडच्या शाळेतल्या गुरुजींना घरी बसवलं, माहीत हाय ना? तुमची तीनच वर्षं ऱ्हायलीत."

शाळा सुटल्यावर बाई घरोघर फिरल्या. पाच घरांनी मान डोलावली. सहाव्या घरी कडूबाई चुलीपुढून उठून आली.

"सुट्टी? कशाची ओ?"

"अशीच. वरून आलीय." बाईंना तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी प्रियांका मॅडम आल्या. पोरसवदा, गोड बोलणाऱ्या. त्यांनी यादी उघडली तोच दारात तेल थापलेल्या वेण्या दिसल्या. कडूबाईची भक्ती.

"आई म्हणली, समदी पोरं जायलीत, तू बी जा."

मॅडमनी नाव विचारलं, बोट खाली सरकवलं. "अरे वा, उतारा! ये, वाच बरं."

भक्तीनं कागद धरला. ओठ हलले. "क... म... ल..." मग काहीच नाही. पुढच्या बाकावरचा मुंजाजी खिदळला, "मॅडम, तिला फकस्त ऊस मोजता येतो!"

"गप!" बाई ओरडल्या. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला.

"घाबरू नकोस," मॅडम म्हणाल्या. "इथं लिहिलंय ना, तुला उतारा वाचता येतो. नोव्हेंबरात तर येत होता. विसरलीस का?"

भक्तीनं कागदाकडे पाहिलं, मग बाईंकडे. डोळे भरले होते. "बाई, मला येत हुतं का ओ?"

दत्तराव दारातून डोळ्यांनी खुणावत होते: हो म्हणा, हो म्हणा. विसरली म्हटलं की सुटलं. पोरीची पातळी घसरली, एवढंच दिसलं असतं कागदावर.

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तू काही विसरली न्हाईस. तू तेव्हा इथं नव्हतीच."

मॅडमचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"पोरगी फडात होती. पातळी मी टाकली. तिला न विचारता, न बघता."

दत्तराव जोरात खाकरले आणि व्हरांड्यात निघून गेले.

मॅडमनी यादी परत वरपासून पाहिली, सावकाश. "एकटीचीच, बाई?"

बाई भक्तीशेजारच्या बाकावर टेकल्या. उरलेली पाच नावं तोंडपाठ होती.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "महारुद्र..."