चकतीची दोन वर्षं

सुप्रभा मेश्राम नागपूरची. २००७ साली ब्रिटनमधल्या कार्डिफच्या विमानतळाजवळ एका छोट्या कंपनीत ती जुन्या विमानांचे कागद तपासायची. मी साहित्याची पदवी घेऊन त्याच ऑफिसात फोटोकॉपी काढत होते. आम्ही एकाच घरात भाड्याने राहायचो. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पण ‘ताई’ म्हटलं की चिडायची.

त्या वर्षी आमच्याकडे नायजेरियाला विकली जाणारी विमानं वाढली. तिथे २००५च्या अखेरीस सात आठवड्यांत दोन मोठे अपघात झाले होते. पुढच्या वर्षी नवा कायदा आला. विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेला मंत्र्यांच्या तोंडाकडे न बघता ‘नाही’ म्हणायचा अधिकार मिळाला. कमकुवत कंपन्या मागे पडत होत्या, नव्या उभ्या राहत होत्या. प्रवासी वाढत होते. नव्या कंपन्यांना विमानं हवी होती, आणि युरोपातली जुनी विमानं स्वस्तात मिळत.

असंच एक विमान हँगरमध्ये उभं होतं. त्याच्या इंजिनातली एक चकती सुप्रभाच्या डोक्यात बसली. अशा चकतीचं आयुष्य उड्डाणांत मोजतात. वीस हजार भरली की ती भंगारात. जास्त वापरली आणि हवेत फुटली, तर विमानाचं अंग फाडून जाते. म्हणून ती बनली त्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद लागतो. या चकतीचे दोन वर्षांचे कागद नव्हते. त्या काळातल्या मालकाचं दिवाळं निघालं होतं.

आमचा मॅनेजर अतुल पुण्याचा.

“अगं, अंदाजे आकडा टाक आणि सही कर,” तो म्हणाला. “तिकडे चालतं.”

“तिकडे म्हणजे कुठे?”

“आफ्रिकेत. कोण बघतंय?”

“काय बोलून राहिला तू?” सुप्रभाने फाइल मिटली. “मला इंजिनिअरिंगला घेताना जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा शाळेचा कागद मागितला होता. १९५०च्या आधीचा. आजोबांना शाळेच्या पायरीवर कुणी उभं केलं नव्हतं. बाबा तीन महिने तहसीलला खेटे घालत होते. तेव्हा कुणी म्हणालं नाही, टाका अंदाजे. ही तर चकती आहे.”

अतुल हसला. “भाषण छान. पण तुझं वर्क परमिट कंपनीच्या नावावर आहे, विसरू नकोस.”

“परमिट कंपनीचं. सही माझी.”

पुढच्या मंगळवारी नायजेरियाच्या त्या संस्थेचे निरीक्षक लागोसहून आले. फालाडे नावाचे, साठीचे. विमान त्यांच्या देशाच्या यादीत घ्यायचं की नाही, ते ठरवणार होते. “दोन दिवस शॉपिंग करेल आणि ठप्पा मारेल,” असं अतुल सकाळी म्हणाला होता. फालाड्यांनी चहाही घेतला नाही. सरळ फाइली मागितल्या. दुपारपर्यंत चकतीपाशी पोचले.

“ही दोन वर्षं कुठे आहेत?”

“रेकॉर्ड पूर्ण आहे,” अतुल इंग्रजीत म्हणाला. मग चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून सुप्रभाकडे वळला आणि मराठीत बोलला, “तू तोंड उघडू नकोस. याला काही कळत नाहीये. उद्या बघू.”

फालाड्यांनी चष्मा काढला. “काय म्हणाले हे?” त्यांनी सुप्रभाला विचारलं.

मी कपाटापाशी फाइल धरून उभी होते. वाटलं, ती काहीतरी सारवासारव करेल. परक्या मुलुखात आपली भाषा म्हणजे बंद दार, असं आम्ही सगळेच धरून चालत होतो.

सुप्रभा उठली. तिने तिन्ही वाक्यांचं सावकाश इंग्रजी केलं. एक शब्द गाळला नाही. मग म्हणाली, “एक गोष्ट इंग्रजीत येत नाही. आमच्याकडे ‘याला’ आणि ‘यांना’ असे दोन शब्द आहेत. मोठ्या माणसाला दुसरा लावतात. यांनी तुम्हाला पहिला लावला.”

अतुलचे कान लाल झाले.

“आमच्या योरुबा भाषेतही असे दोन आहेत,” फालाडे म्हणाले. त्यांनी चष्मा परत घातला. “चकती बदला. तोवर हे विमान आमच्या देशात उडणार नाही.” आणि पुढची फाइल ओढली.

चकती बदलली. शुक्रवारी अतुलने सुप्रभाला राजीनामा द्यायला सांगितलं. नाही दिला तर काढून टाकू, म्हणाला. परमिट त्याच नोकरीवर होतं. दुसरी मिळाली नाही तर नागपूर.

तिने राजीनामा दिला नाही. शनिवारी लायब्ररीत जाऊन तक्रारीची पत्रं लिहायला बसली. आमच्या कंपनीच्या मालकांना एक, ब्रिटनच्या विमान खात्याला एक. इंग्रजी तपासायला मला सोबत नेलं होतं. मी सुरुवातीला ‘खेदाने कळवते की’ असं घातलं. पत्र जरा मऊ व्हावं म्हणून.

तिने पेन घेऊन ते खोडलं.

“खेद कुणाला झालाय?” ती म्हणाली. “तारीख टाक. मग चकतीचा नंबर. मग अतुलचं नाव, पूर्ण.”

मी टाइप करू लागले.